चावतोय ना, मग बरा आहे

केप टाउनला जाण्याआधी मनातल्या मनात मी शंभरेक पेंग्विन तरी धुतले असतील. तेलाने माखलेला काळा गोळा, कोमट पाण्याचा टब, हातात टूथब्रश, सगळीकडे फेस आणि शेवटी लख्ख झालेला पक्षी डुलत डुलत समुद्राकडे निघालाय, असं ते चित्र. त्या चित्रापायीच मी सॅनकॉबच्या केंद्रात काम करण्यासाठी अर्ज केला. नोव्हेंबर २०२३च्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत तिथे होते. एवढ्या काळात तेलाने माखलेला पेंग्विन पाहिला तो एकच. बाकी जे जे खोक्यांतून येत होते, ते उपाशी होते.

सॅनकॉब ही समुद्रपक्ष्यांची शुश्रूषा करणारी दक्षिण आफ्रिकेतली संस्था, १९६८ सालची. तिचं केप टाउनचं केंद्र टेबल व्ह्यू या उपनगरात, पाणथळीला लागून आहे. आजारी, जखमी, पोरके पक्षी इथे आणतात, बरे करतात आणि परत सोडतात. सगळ्यात जास्त आफ्रिकन पेंग्विन, मग पाणकावळे, गॅनेट, कुरव, सुरय. परदेशी स्वयंसेवकांना घेतात, पण किमान सहा आठवडे राहणार असाल तरच, आणि वय अठराच्या पुढे हवं. मी त्रेपन्न वर्षांची. काम फुकट करायचं, वर शुल्क आपणच भरायचं, विमान, राहणं, जेवण सगळं आपल्याच खिशातून, हे ऐकून ओळखीच्या बहुतेकांनी विचारलं, "म्हणजे मजुरी करायला पैसे देऊन चाललीस?" हो. अगदी तसंच.

सहा आठवड्यांची अट मला आधी जाचक वाटली होती. तिथे पोचल्यावर कळलं, की पहिले दोन आठवडे आपण त्यांच्या कामाचे नसतोच. ओझं असतो.

पहिल्या सकाळी मला गमबूट आणि मासेमारीच्या बोटीवर घालतात तसली जाड रबरी डांगरी मिळाली. वास नाकात शिरला तो सहा आठवडे गेला नाही: गोठवलेले मासे, पेंग्विनची शीट आणि जंतुनाशक, तिन्हींचं मिश्रण. घरमालकिणीने पहिल्याच संध्याकाळी कपडे दाराबाहेर काढायला लावले, ते तिचं बरोबरच होतं. त्या दिवशी पेंग्विनच्या मी दहा फुटांवरही गेले नाही. रबरी मॅटी घासल्या. दुसऱ्या दिवशी मॅटी घासल्या आणि टॉवेल धुतले. तिसऱ्या दिवशी टॉवेल धुतले, माशांच्या बादल्या घासल्या आणि पुन्हा मॅटी.

मॅटींचं एवढं कौतुक का, ते आमच्या गटप्रमुखबाईंनी सांगितलं. पेंग्विन मोकळा असताना दिवसातला बराच वेळ पाण्यात असतो. इथे आजारी पक्षी दिवसच्या दिवस एका जागी उभा राहतो. तळव्यांवर सतत भार, त्यात खाली घाण, की पायाला गळू होतं. ते एकदा झालं की बरं व्हायला महिने जातात. शिवाय घाणीत बुरशी वाढते, आणि बुरशी फुप्फुसात गेली की संपलंच. म्हणजे औषध देणाऱ्या डॉक्टरइतकंच मॅट घासणाऱ्याच्या हातात पक्ष्याचं जगणं असतं. हे मला पटलं. पटलं तरी कंबर दुखायची ती दुखलीच.

या गटप्रमुख तिशीतल्या, खोसा जमातीच्या बाई. मला पहिल्या दिवसापासून "मामा" म्हणायच्या. खोसा भाषेत मामा म्हणजे आई, आणि वयाने मोठ्या बाईला मानाने तशीच हाक मारतात. मला मात्र दोन दिवस आपण अचानक कुणाच्या तरी आईचे भाऊ झालो आहोत असं वाटत होतं. आणखी एक शब्द तिथे अगदी घरचा वाटला, तो म्हणजे लोडशेडिंग. तेही लोडशेडिंगच म्हणतात, आणि त्याच तोंडाने म्हणतात. कुठल्या भागाची वीज किती वाजता जाणार हे दाखवणारं ॲप सगळ्यांच्या मोबाइलमध्ये. पिल्लांच्या खोलीत गरम दिवे, मागे शीतगृहात मासे, त्यामुळे वीज गेली की जनरेटरचा आवाज येईपर्यंत सगळे कान टवकारून उभे. तेवढ्यात समोर खाडीपलीकडे टेबल माउंटनवर ढगाची पांढरी चादर पसरलेली असायची. तिला टेबलक्लॉथ म्हणतात. उन्हाळ्यातला आग्नेयेचा वारा ती अंथरतो, आणि तोच वारा आमचे वाळत घातलेले टॉवेल शेजारच्या झुडपांत नेऊन टाकतो.

चौथ्या दिवशी पक्षी धरायला शिकवलं.

पेंग्विन दिसायला गोंडस आहे हे त्याचं दुर्दैव. साठ-सत्तर सेंटिमीटर उंचीचा, साधारण तीन किलोचा हा पक्षी म्हणजे नुसता स्नायू. पंखाचा फटका छडीसारखा बसतो. चोचीचं टोक आकड्यासारखं वळलेलं आणि कडा धारदार. निसटत्या माशाला पकडून ठेवणारी ती चोच माणसाच्या दंडाची कातडी पकडून पिळते. म्हणून पाणबुड्यांच्या सूटच्या कापडाचे हातमोजे आणि कोपरापर्यंतच्या बाह्या घालतात. तरी चावा लागतोच. वाकून, हळू, समोरून नाही तर बाजूने जायचं. एक हात मानेच्या मागून डोक्याच्या बुडाशी घट्ट, दुसरा हात पोटाखाली, आणि उचलून काखेत, शेपटी मागच्या दिशेला. शेपटी का मागे, हे मला सांगितलं होतं. मी विसरले. एकदाच विसरले.

मी पहिल्यांदा धरलेला पक्षी माझ्या हातातून तीन वेळा सुटला. चौथ्या वेळी मनगटाला लोंबकळला. मी कळवळले, तर गटप्रमुखबाई शांतपणे म्हणाल्या, "चावतोय ना मामा, मग बरा आहे."

मला वाटलं होतं की मासा दिसला की पेंग्विन खाईल. तसं नसतं. त्याला मासा म्हणजे पाण्यात पळणारी चकाकती गोष्ट. बादलीत पडलेल्या, गोठून वितळलेल्या मेलेल्या पिलचर्डला तो अन्न म्हणून ओळखतच नाही. पिलचर्ड म्हणजे तारलीच्या कुळातला मासा. मग भरवावं लागतं. स्टुलावर बसायचं, पक्षी दोन्ही मांड्यांच्या मध्ये, त्याची पाठ आपल्याकडे. डाव्या हाताने डोकं मागून धरायचं, अंगठा एका गालावर, बोटं दुसऱ्या. उजव्या हाताच्या बोटाने चोच उघडायची आणि मासा डोक्याच्या बाजूने आत. शेपटीच्या बाजूने घातला तर खवले आणि पर घशात उलटे फिरतात. मासा जिभेच्या मागपर्यंत बोटाने ढकलायचा, मग क्षणभर थांबायचं. हे थांबणं सगळ्यात अवघड. घशाची हालचाल दिसली, गिळलं, की पुढचा. पहिल्या माशाच्या कल्ल्यात जीवनसत्त्वाची गोळी खोचलेली, कारण गोठवून ठेवलेल्या माशात बी-१ उरत नाही आणि ते मिळालं नाही की पक्ष्याला झटके येऊ शकतात.

एवढं झाल्यावर मागे न बघता, आवाज न करता कप्प्याबाहेर पडायचं. घाबरलेला पेंग्विन खाल्लेलं सगळं उलटून टाकतो. सातव्या दिवशी मी अकरा पक्षी भरवले, एकही मासा बाहेर आला नाही, आणि त्या खुशीत जाता जाता बादलीचं पत्र्याचं झाकण माझ्या हातातून काँक्रीटवर पडलं. अकरांपैकी सात जणांनी माझी तासाभराची मेहनत माझ्यासमोर ओतली. फळ्यावर प्रत्येक पक्ष्याच्या नावापुढे, म्हणजे नंबरापुढे, "ओकला" असं मला स्वतःच्या हाताने सात वेळा लिहावं लागलं. मग माझ्याच्याने ते पुन्हा भरवणं होईना. एकोणीस वर्षांची एक जर्मन मुलगी काही न बोलता शेजारी येऊन बसली आणि तिने चार पक्षी केले, मी तीन.

नंबर असतो, नाव नाही. जंगली पक्ष्याला नाव ठेवायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, कुरवाळायचं तर मुळीच नाही. मी दुसऱ्याच आठवड्यात हा नियम गुपचूप मोडला. एक पिल्लू होतं, अर्ध्या अंगावर तपकिरी लोकर, अर्ध्यावर निळसर नवी पिसं फुटलेली. ते कप्प्यात कुणीही आलं की मान वाकडी करून एका डोळ्याने बघायचं आणि मग नेमका माझाच गमबूट गाठायचं. त्याला मी खडूस म्हणायला लागले. मोठ्याने नाही.

खडूस स्टोनी पॉइंटहून आला होता. बेटीज बे गावातली ही पेंग्विनची वसाहत. तो तिथे का उपाशी पडला याचं उत्तर ऐकायला मला सोपं वाटलं होतं, पण जितकं विचारत गेले तितकं ते लांबत गेलं. पेंग्विन वर्षातून एकदा सगळी पिसं एकदम बदलतो. सुमारे तीन आठवडे लागतात, आणि तेवढे दिवस अंगात पाणी शिरतं म्हणून तो समुद्रात जाऊच शकत नाही. म्हणजे तीन आठवडे कडकडीत उपास. त्याआधी महिनाभर खाऊन खाऊन अंगावर चरबी चढवावी लागते. आता पिल्लू वेळेत मोठं झालं तर ठीक. पण मासे कमी मिळाले, पिल्लू उशिरा वाढलं आणि मध्येच आईबापाच्या शरीरातलं घड्याळ वाजलं, की ते पिल्लाला सोडून आपली चरबी करायला निघून जातात. निर्दयपणा नव्हे. थांबले तर तिघेही मरतील. दर वर्षी साधारण याच सुमाराला वसाहतींवरचे रखवालदार अशी सोडलेली पिल्लं हेरून खोक्यांतून केंद्रात पाठवतात. २००६पासून हा उपक्रमच चालू आहे, आणि माझे सहा आठवडे नेमके त्या हंगामात पडले होते.

मग मासे का कमी? इथे चहाच्या टेबलावर एकेकाचा आवाज चढायचा. पिलचर्ड आणि अँकोव्ही पूर्वी पश्चिम किनाऱ्याला मुबलक होते, ते पूर्वेकडे सरकले आणि घटले. पेंग्विनच्या जुन्या वसाहती आहेत पश्चिमेला. उरलेल्या माशांवर मोठ्या जाळ्यांच्या बोटींचाही डोळा. वसाहतीभोवतालच्या पाण्यात मासेमारी बंद ठेवायची का, किती आणि कुठे, यावर वर्षानुवर्षं वाद. त्याहीआधी, पेंग्विनची अंडी बेटांवरून लाखोंनी गोळा करून विकत. बेटांवर साठलेला पक्ष्यांच्या विष्ठेचा थर, ग्वानो, खत म्हणून खरवडून नेला. पेंग्विन त्या थरात बीळ करून अंडी घालायचे. आता उघड्यावर घालतात, उन्हात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे पक्षी दहा लाखांवर होते. आज वीण करणाऱ्या जोड्या दहा हजारांहूनही कमी उरल्या आहेत.

मला सांगायची तर ही गोष्ट गैरसोयीची वाटते. तेलगळतीत खलनायक समोर असतो. जहाज असतं, त्याचं नाव असतं, काळं तेल डोळ्यांना दिसतं. खडूसकडे बघून बोट कुणाकडे दाखवणार? त्याच्या अंगावर काहीच लागलेलं नव्हतं. छातीचं हाड तेवढं नावेच्या कण्यासारखं वर आलेलं.

तिसऱ्या आठवड्यात नळी घालायला शिकले. जे पक्षी मासे पचवण्याच्या अवस्थेत नसतात त्यांना मिठाचं-साखरेचं पाणी, नंतर माशांचा पातळ लगदा मोठ्या सिरिंजला जोडलेल्या नळीने थेट पोटात देतात. जिभेच्या बुडाशी श्वासनलिकेचं छोटं भोक असतं, उघडझाप करणारं. नळी त्याच्या बाजूने, मागून, अन्ननलिकेत जायला हवी. चुकून भोकात गेली आणि सिरिंज दाबली तर पक्षी आपल्या मांडीवर बुडतो. हे वाक्य त्यांनी असंच सांगितलं, आणि ते ऐकल्यावर माझे हात दोन दिवस थरथरत होते. शेवटी मी बाहेरूनच नळी धरून चोचीपासून पोटापर्यंतचं अंतर मोजायची, त्यावर नखाने खूण करायची, आणि ती खूण चोचीशी आली की मगच श्वास सोडायची. स्वतःचा.

याच आठवड्यात मी दुसरी चूक केली. नवे आलेले पक्षी वेगळे ठेवतात. २०२१मध्ये बर्ड फ्लूने तिथले केप पाणकावळे हजारोंनी मेले, पुढे पेंग्विनमध्येही तो आला, तेव्हापासून याबाबत कुणी हसत नाही. बऱ्या पक्ष्यांकडून आजाऱ्यांकडे जायचं, उलट कधीच नाही, आणि प्रत्येक दारातल्या जंतुनाशकाच्या तबकात बूट बुडवूनच पुढे. मी एका नव्या पक्ष्याच्या कप्प्यातली बादली उचलली आणि विचार न करता ती पिल्लांच्या कप्प्याच्या दारात टेकवली. आत नेली नव्हती, नुसती टेकवली. कुणी ओरडलं नाही. ती बादली, ते दार, तो सगळा बोळ, माझे बूट, माझी डांगरी, सगळं उतरवून पुन्हा धुण्यात दुपार गेली, आणि माझ्याबरोबर दोन जणांची गेली. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आता दुसऱ्या एका पक्ष्याचं. याच्याबद्दल लिहायचं की नाही हे मी बरेच दिवस ठरवत होते.

पूर्ण वाढलेला पेंग्विन, एका मच्छीमाराला किनाऱ्यावर सापडलेला. तो माझ्याकडे भरवायला आला तेव्हा मला वाटलं, अखेर एक शहाणा भेटला. धरताना झटापट नाही. मासा घेतो, गिळतो. दुसऱ्या दिवशी भरवून झाल्यावर त्याने मान टाकून डोकं माझ्या मनगटावर टेकवलं. डोळ्यावरचा तो गुलाबी पट्टा अगदी जवळून दिसला. गरम झालं की रक्त त्या पट्ट्याकडे येतं आणि गार होतं, म्हणून तो गुलाबी असतो. याचा मात्र अगदी फिका होता. मी हललेच नाही. पाच मिनिटं तशीच बसून राहिले. खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणी आलं, आणि मनात आलं की हा मला ओळखायला लागलाय.

गटप्रमुखबाई बाजूने जात होत्या, थबकल्या. "किती वेळ असा आहे?"

"पाच मिनिटं. बघा ना, किती शांत..."

"मामा, जंगली पेंग्विन माणसाच्या हातावर डोकं ठेवत नाही. डॉक्टरांना बोलावते."

फुप्फुसात बुरशी होती. ॲस्परजिलोसिस. कमकुवत झालेल्या समुद्रपक्ष्यांना ती चटकन धरते आणि बाहेर दिसेपर्यंत आतलं बरंच खाऊन झालेलं असतं. त्या रात्रीच तो गेला. सकाळी फळ्यावरची त्याची ओळ पुसलेली होती आणि मला पंधरा पक्षी भरवायचे होते.

मी पाच मिनिटं आधी सांगितलं असतं तर तो वाचला असता, असं डॉक्टर म्हणाल्या नाहीत. उलट वाचला नसताच म्हणाल्या. पण त्या दिवसापासून मी पक्ष्याकडे बघायची पद्धत बदलली. कप्प्यात शिरले की पहिल्यांदा कोण पळत नाही ते बघायचं. कोण चावत नाही. कुणाची शीट हिरवी आहे, कोण एका पायावर भार टाकतोय, कोण कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा आहे. जो हाताजवळ येतो त्याचा नंबर आधी लिहायचा. आणि खडूसने दंडावर नवा डाग उठवला की मला बरं वाटायला लागलं. तो डाग मी जर्मन मुलीला दाखवायची, ती मला तिचे दाखवायची.

एका तेलाच्या पक्ष्याचंही सांगते, थोडक्यात, कारण माझा त्यातला वाटा थोडकाच. आल्या आल्या त्याला धूत नाहीत, हे मला माहीत नव्हतं. गारठलेल्या, अशक्त पक्ष्याला धुण्याचा ताणच मारतो. पोटातल्या तेलासाठी कोळशाची पूड, ऊब, पाणी, अन्न, आणि रक्त तपासून तो सोसू शकेल असं वाटलं की मग. आधी खायचं तेल चोळून डांबरासारखं चिकटलेलं तेल सैल करतात, मग भांडी घासायच्या साबणाचं गरम पाणी, एका टबातून दुसऱ्यात, आणि चेहऱ्याला टूथब्रश. टूथब्रश होता! पण तो माझ्या हातात नव्हता. मी पक्षी धरून उभी होते. सगळ्यात जास्त वेळ गेला तो फवाऱ्याखाली साबण काढण्यात. पिसांचे बारीक तंतू एकमेकांत आकड्यांनी अडकलेले असतात, त्यानेच पाणी बाहेर राहतं. तेलाचा थेंब ते आकडे विस्कटतो आणि राहिलेला साबणही तेच करतो.

त्या वेळी माझ्याबरोबर टॉवेल धरून एक स्थानिक आजोबा उभे होते, बरीच वर्षं येणारे. २३ जून २००० रोजी 'ट्रेझर' नावाचं खनिजवाहू जहाज रॉबेन आणि डॅसन बेटांच्या मध्ये बुडालं तेव्हा ते सॉल्ट रिव्हरच्या रेल्वेशेडमध्ये होते. सुमारे १९,००० पेंग्विन तेलात सापडले होते आणि ठेवायला जागा नव्हती म्हणून ती शेड घेतली होती. शहरातली माणसं हजारोंनी यायची, म्हणाले, बँकेतली, शाळेतली, कुणालाही पक्षी धरायची सवय नाही, सगळ्यांचे हात फाटलेले. आणखी १९,५०० स्वच्छ पक्षी तेलात शिरू नयेत म्हणून पकडून गाड्यांनी सुमारे ८०० किलोमीटरवर पोर्ट एलिझाबेथला नेऊन सोडले. ते पोहत घरी येईपर्यंत इथलं पाणी साफ करायचं, असा बेत. तिघांच्या पाठीवर उपग्रहाला खबर देणारी यंत्रं होती, पीटर, पॅमेला आणि पर्सी, आणि ते कुठवर आले हे लोक रोज बघायचे. माखलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त बरे होऊन परत सुटले. आजोबा हे सांगताना जरा ताठ उभे राहिले होते. मग टॉवेलकडे बघत म्हणाले, "तेव्हा एवढे पेंग्विन होते, की एवढे तेलात सापडू शकले."

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात खडूसची लोकर पूर्ण गेली. या वयात ते वरून निळसर करडे आणि खालून पांढरे असतात, काळा पट्टा अजून आलेला नसतो. केंद्रात त्यांना नुसतं "निळे" म्हणतात. तो तलावात तासभर पोहायला लागला. बाहेर आला की पिसांखाली बोटं घालून बघायचं, आतली लव कोरडी आहे का. पहिल्या आठवड्यात ओली लागायची. मग कडेकडेला. मग एके दिवशी सगळीकडे कोरडी. वजन झालं, रक्त ठीक आलं, डॉक्टरांनी छातीवर कान दिला, आणि कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप घातली. सोडायच्या यादीत त्याचा नंबर आला. त्या सकाळी त्याने मला शेवटचा चावा घेतला, कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे बाही संपते नेमकं तिथे.

गॉर्डन्स बेनंतर रस्ता डोंगर आणि समुद्र यांच्या मधून जातो, उजव्या हाताला फॉल्स बे. गाडीत मागे भोकं पाडलेली पुठ्ठ्याची खोकी, प्रत्येकात एक, आणि सगळ्या खोक्यांतून खरवडण्याचा आवाज. स्टोनी पॉइंटला खडकांमध्ये एका चिंचोळ्या जागी खोकी ओळीने ठेवली. प्रौढ पेंग्विन आजूबाजूला उभे, त्यातला एखादा मान वर करून गाढवासारखा ओरडत होता. या जातीला पूर्वी त्या आवाजावरूनच जॅकास म्हणत.

एकदम सगळी झाकणं उघडायची असतात. बाकीचे तिघे बाहेर पडले, थबकले, आणि पाण्याच्या दिशेने धावले. खडूस बाहेर आला, त्याने मान वाकडी करून बघितलं, आणि वळून परत खोक्यात शिरला. खोकं आडवं केलं. मग तो निघाला तो थेट माझ्याकडे. गमबुटाला एक टोच मारली. मी हलायचं नाही, बोलायचं नाही, हे पाठ होतं. गटप्रमुखबाईंनी पाठीमागून एक पाटी आडवी धरून त्याला हळूच वळवलं. एक लाट खडकावर फुटून त्याच्या पायांपर्यंत आली, तसा तो दचकून मागे सरला. पुढच्या लाटेत तो नव्हता. मग पंधरा-वीस मीटरवर एक डोकं वर आलं, पण चारांतलं ते कोणाचं होतं हे ओळखणं शक्य नव्हतं.

"चावला का?" गाडीत बसताना बाईंनी विचारलं.

"सकाळीच."

मी परतले त्याला आता बरेच दिवस झाले. ऑक्टोबर २०२४मध्ये आफ्रिकन पेंग्विनला अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत घातलं. मार्च २०२५मध्ये न्यायालयाच्या आदेशाने सहा महत्त्वाच्या वसाहतींभोवती पिलचर्ड आणि अँकोव्हीची व्यावसायिक मासेमारी दहा वर्षांसाठी बंद झाली. सॅनकॉब आणि पक्ष्यांसाठीच काम करणारी बर्डलाइफ साउथ आफ्रिका या संस्था त्यासाठी सरकारविरुद्ध कोर्टात गेल्या होत्या. स्टोनी पॉइंट त्या सहांत आहे. पिल्लू समुद्रात गेलं की बराच काळ कुणाला दिसत नाही. जगलं तर पिसं बदलायला किनाऱ्यावर येतं, आणि साधारण चौथ्या वर्षी जोडीदार शोधायला वसाहतीत. तिथे पेंग्विनच्या येण्याजाण्याच्या वाटेवर चिप वाचणारं यंत्र जमिनीत बसवलेलं आहे. खडूस त्यावरून गेला तर त्याचा नंबर उमटेल. तो चार वर्षांचा होईल २०२७मध्ये.